सहा-पन्नासच्या गाडीचं गाऱ्हाणं

चौतीस वर्षं ज्या माणसाने भोंग्यावरून बोलून गाड्या हलवल्या, त्याला साध्या तोंडाने माणसंही हलवता येतील, असा गंगाराम धुरींचा समज होता. समज तसा वाईट नव्हता. तो त्यांनी चारचौघांत बोलून दाखवायला नको होता, एवढंच.

धुरी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तेरवळ गाव त्यांना 'कंट्रोलर'च म्हणे आणि तेही रोज सकाळी सहा-पन्नासला आपल्या पडवीत उभे राहून, समोरून सावंतवाडीची गाडी वेळेवर गेली की नाही, ते मनगटावरच्या घड्याळात तपासून बघत. गाडीला चार मिनिटं उशीर झाला की त्यांना चहा गोड लागत नसे. त्यांची बायको सुगंधा म्हणायची, लग्न माझ्याशी लावलंत पण संसार टाइमटेबलाशी केलात. धुरी यावर काही बोलत नसत, कारण टाइमटेबल उलट बोलत नाही हा फरक त्यांच्या लक्षात आला होता.

शेजारी खतीबांचं घर. एजाज खतीबचा सुक्या मासळीचा व्यापार; आज शिरोडा, उद्या बांदा असे आठवडी बाजार करत तो पहाटेच घराबाहेर पडे. त्याची थोरली इल्मा त्या साली बारावीला होती. आठव्या वर्षी काजूच्या झाडावरून पडली, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत. गावचं कॉलेज बारावीपर्यंत होतं आणि घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिथवर ती आपली आपण जायची, वाटेत कुणी मागून ढकलायला आलं की त्याच्याकडे अशी बघायची की तो माणूस आपली पिशवी विसरून पुढे निघून जाई. भूगोल तिचा आवडता विषय. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी आली आणि गडग्यापलीकडे दात घासत असलेल्या धुरींना तिने विचारलं, "काकानु, सा-पन्नासची गाडी थांब्यार किती येळ थांबता?"

"एक मिनिट," धुरी अभिमानाने म्हणाले. "लय तर सव्वा."

"मगे त्या एका मिनटात माका चढूक खंयसून मेळतला?"

आता एसटीबद्दल धुरींना येत नाही असं उत्तर जन्माला यायचं होतं. कुठली गाडी कुठल्या डेपोची, कुठल्या साली ती बंद पडली, कुणाच्या आग्रहावरून पुन्हा चालू झाली, सगळं तोंडपाठ. चौतीस वर्षांत गाडीत किती माणसं चढली ते त्यांनी रोजच्या रोज मोजलं होतं. पण किती चढलीच नाहीत, हे मोजायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. आणि लाज वाटलेला मालवणी माणूस जे बोलतो तेच ते बोलले, "बघूया. मी करतंय कायतरी."

संध्याकाळी एजाज गडग्यावर आला. म्हणाला, पोर तुमच्या शब्दावर बसलीय. कॉलेज सुरू व्हायच्या आत गाडीचं जमलं तर मी तिला अडवणार नाही. नाही जमलं तर रोज सावंतवाडीला पोचवायला माझ्याकडे माणूस नाही. मग घरी बसून जे काय शिकता येईल ते शिकेल. तो रागावून बोलला नाही, म्हणून धुरींना ते जास्त लागलं.

सुदैवाने सरकार आणि एक संस्था मिळून त्याच वर्षी एक प्रकल्प काढत होते. त्याचं नाव 'सुगम प्रवास आणि युवा सहभाग'. डेपोतल्या एका भल्या अभियंत्याने सहा-पन्नासच्या गाडीच्या दाराला घडीची लोखंडी फळी बसवून दिली होती. सावंतवाडीच्या स्टँडवर तिला टेकायला ओटाही तयार होता. तिथे गावाला विचारायचं नसल्याने तो लवकर झाला. आता ज्या गावाला हवा असेल त्याने आपल्या थांब्यावर अडीच फूट उंच ओटा बांधायचा, त्यावर चढायला उतार करायचा, की खुर्चीसकट माणूस थेट गाडीत. धुरींनी अर्ज केला आणि महिन्याभरात संस्थेची तन्वी नावाची मुलगी रंगीत कागदांचं बोचकं घेऊन दारात उभी राहिली. ती त्यांना 'सर' म्हणाली. चौतीस वर्षांत त्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं, त्यामुळे पुढचा अर्धा तास ती जे जे म्हणाली त्याला धुरींनी मान डोलावली.

ती म्हणाली होती की काम सुरू करण्याआधी 'स्थानिक हितधारकां'ची यादी करायची, त्यांची बैठक घ्यायची आणि सर्वांची लेखी संमती मिळवायची. त्यांत एक युवा प्रतिनिधी हवाच. ह्या सगळ्याची जबाबदारी स्थानिक समन्वयकाची, म्हणजे धुरींची.

धुरींनी यादी केली आणि तिथेच घात झाला. नोकरीतल्या सवयीने त्यांनी नावं अकारविल्हे लिहिली. पहिला अरशद, रिक्षास्टँडचा अध्यक्ष. दुसरे खुद्द गंगाराम धुरी. तिसरे बाबू गावकर. मग मंगेश, मग हौसाबाई मासेवाली. शहरात ह्याला शिस्त म्हणतात. पण तेरवळात बाबू गावकर म्हणजे देवळात पहिला मान घेणारं घराणं. गावात शिमगा असो, जत्रा असो, विहीर खणायची असो, त्यांच्या तोंडून गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे देवापुढे कामाची विनंती मांडल्याशिवाय, नारळ फुटत नाही. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी तिसरं आलं नव्हतं. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, बाबू गावकरांनी ती चष्मा लावून एकदा आणि काढून एकदा वाचली आणि घरी जाऊन निरोप पाठवला की बैठकीला वेळ नाही, गुरांना पाणी दाखवायचं आहे. त्यांची गुरं विकून चार वर्षं झाली होती.

बैठक सोसायटीच्या माडीवरच्या खोलीत भरली, कारण पंखा तिथेच होता. माडीला एकोणीस पायऱ्या. तन्वीने प्रत्येकाला पिवळे कागद दिले आणि आपली अपेक्षा लिहून भिंतीला लावायला सांगितली. अरशदने लिहिलं की रिक्षांचा धंदा बसता कामा नये. हौसाबाई लिहिण्याच्या भानगडीत पडली नाही. तिने तन्वीलाच लिहायला लावलं की थांब्यावरचा माझा बसायचा दगड माझ्या सासूपासून चालत आलाय आणि त्याला कुणी हात लावला तर मी हात दाखवीन. युवा प्रतिनिधी म्हणून मंगेश आला होता. मंगेश युवक मंडळाचा अध्यक्ष. तो अध्यक्ष झाला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि आता त्याची मुलगी नववीत होती, पण मंडळाची निवडणूक आली की नेमका पाऊस तरी पडे नाहीतर मंगेशचे पाहुणे येत. तन्वीने चाचरत सांगितलं की प्रकल्पात युवक एकोणतीस वर्षांपर्यंत धरतात. मंगेश म्हणाला की तारुण्य मनात असतं, आणि पोट आत घेतलं.

दोन तास चर्चा झाली. ओट्याला विरोध कुणाचाच नव्हता. 'आमचो विरोध नाय, पण' असं म्हणून प्रत्येक जण उठे आणि त्या 'पण'च्या पुढे अर्धा तास जाई. भिंत पिवळी झाली, पंख्याने निम्मे कागद खाली आणले, ते कुणाचे ते कळेना म्हणून पुन्हा लिहिले गेले. शेवटी चहाचे कप हातात घेऊन सगळे खाली उतरले तर जिन्याच्या पायथ्याशी इल्मा बसली होती, मांडीवर वही. बैठक तिच्यासाठी होती, पण तिला वर कसं न्यायचं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, धुरींच्याही नाही.

"सगळा ऐकाक इला," ती म्हणाली. "वर दोन तास माज्या पायांचीच मिटिंग चलली होती. पाय मात्र हय खाली होते."

तिने वही पुढे केली. वरच्या खिडकीतून खाली ऐकू आलं त्यावरून तिने बैठकीचं इतिवृत्त लिहिलं होतं आणि ते तन्वीच्यापेक्षा सरस होतं. धुरींनी तो चहा न पिता झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि त्या दिवसापासून सगळ्या बैठका थांब्यावरच्या चिंचेखाली घेतल्या. एवढं तरी ते शिकले.

मग कागद सुरू झाले. रस्ता एका खात्याचा, रस्त्याची कड पंचायतीची, थांब्याची शेड तिसऱ्यांची, चिंच चौथ्यांची आणि शेडखालून जाणारं गटार कुणाचंच नाही असं सर्वांनी लेखी कळवलं. धुरींना कचेऱ्यांची सवय होती, पण आतापर्यंत ते खिडकीच्या आतल्या बाजूला असत. बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर त्यांना कळलं की खिडकी ही मुद्दाम माणसाला किंचित वाकावं लागेल इतक्या उंचीवर करतात. एका कचेरीत त्यांनी 'मी स्वतः वाहतूक नियंत्रक होतो' असं ठसक्यात सांगितलं. आतल्या मुलाने 'हो का?' म्हटलं आणि पुढचा टोकन नंबर पुकारला. त्या दिवशी धुरी रात्री जेवले नाहीत. सुगंधाने कारण विचारलं तर म्हणाले, पित्त.

फेब्रुवारीत कागद जमले आणि गवंडी आला. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट उतार, म्हणजे अडीच फुटांना तीस फूट. तीस फूट म्हटल्यावर थांब्यावरच्या प्रत्येकाने आपापली जागा डोळ्यांनी मोजली. तीस फुटांत हौसाबाईचा दगड येत होता, अरशदच्या पहिल्या नंबरच्या रिक्षाची जागा येत होती आणि ज्या लोखंडी चौकटीवर मंगेशचा हात जोडलेला फोटो बारा महिने तेरवळवासीयांना कुठल्या ना कुठल्या सणाच्या शुभेच्छा देत असे, ती चौकटही येत होती. सगळ्यांचं एकमत झालं की सरकारला काही कळत नाही आणि दहा फूट भरपूर आहे. धुरींना पटलं नव्हतं, पण चार महिन्यांत पहिल्यांदाच एकमत झालेलं पाहून त्यांना मोडवेना. फळ्या टाकून दहा फुटांचा तात्पुरता उतार केला आणि तन्वीने चाचणीसाठी संस्थेची खुर्ची आणली.

चाचणीला बसणार कोण? इल्मा बघूनच म्हणाली की ह्या चढावरून बकरीसुद्धा विचार करून जाईल. मंगेश पुढे झाला. युवा प्रतिनिधी ह्या नात्याने हा मान आपला आहे असं त्याने सांगितलं, खुर्चीत बसला, हातांनी चाकं फिरवत सात फूट चढला, फोटोसाठी एक हात वर केला आणि त्या एका हाताच्या अभावी खुर्ची उलट निघाली. हौसाबाई तेव्हा गिऱ्हाइकाला बांगडे मोजून देत होती. खुर्ची, मंगेश आणि बांगडे असे तिघे मिळून अरशदच्या रिक्षाच्या मागच्या चाकाला जाऊन थांबले. मंगेशला काही झालं नाही. पण त्याच्या शर्टाच्या खिशात बांगडा निघाला आणि हौसाबाईने तोही हिशेबाने परत घेतला.

दहा फुटांचा प्रश्न तिथेच मिटला. तीस फुटांचा मात्र मिटेना. मार्च गेला, एप्रिल गेला. धुरी रोज कुणाच्या तरी दारात. प्रत्येक जण म्हणे, दुसरा हलला तर मी हलतो. धुरींनी चार वेळा बैठकीचे कागद काढले, चौथ्या वेळी चिंचेखाली ते आणि एक कुत्रा असे दोघेच हजर होते. मेमध्ये इल्माचा निकाल लागला, गावात पहिली. सावंतवाडीच्या कॉलेजात तिला भूगोलाला जागा मिळाली आणि पत्र आलं की सात जुलैला सकाळी साडेदहाच्या आत स्वतः येऊन नाव कायम करावं. न आल्यास जागा पुढच्या विद्यार्थ्याला जाईल. इल्माने पत्र गडग्यावरून धुरींच्या हातात दिलं, आठवण वगैरे काही करून दिली नाही. ते पत्र त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसभर खिशाला हात लावून बघत राहिले.

संध्याकाळी सुगंधा म्हणाली, "कागद पुरे झाले. नारळ घेवन बाबू गावकाराकडे जावा. आनी जाताना तां घड्याळ हय ठेवन जावा."

धुरी गेले. बाबू गावकर पडवीत नसलेल्या गुरांसाठी दावं वळत बसले होते. हातातला पीळ त्यांनी आधी पुरा केला. मग त्यांनी विचारलं की काम कुणासाठी. धुरी सांगू लागले, दिव्यांग प्रवासी, ज्येष्ठ नागरिक, गरोदर माता. गावकरांनी हात वर केला.

"गंगाराम, देवाक असा चालणा नाय रे. गाऱ्हाणा घालूचा तर नाव सांगूक होया. कोण, खंयचा, तेका काय होया. आनी ज्याचा गाऱ्हाणा, त्याना समोर होया. पोरीक घेवन ये."

धुरींना तेव्हा जाणवलं की एवढ्या अर्जांत आणि एवढ्या रकान्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. इल्मा आली. गावकरांनी तिला अर्धा तास विचारलं आणि मुकाट ऐकून घेतलं: कुठे जायचंय, कशाला, गाडी किती वाजता, वाटेत अडचण कुणाची, कोण काय म्हणालं. तिने वही उघडून सगळं वाचून दाखवलं. गावकर मध्येच हसले, पण कशाला ते सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी थांब्यावर अख्खं गाव जमलं. बैठकीला न येणारे गाऱ्हाण्याला येतातच, कारण गैरहजर राहिलेलं देवाला दिसतं. इल्मा पुढे, मागे एजाज, टोपी सारखी करत. खतीबांच्या नावाचा नारळ गावच्या गाऱ्हाण्यात आजोबांपासून असतो. तन्वी कडेला वही घेऊन उभी होती. तिने हे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. गावकरांनी पान मांडलं, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा तेरवळच्या रवळनाथा, सातेरी माये, खाडयेच्या तोंडार बसल्या पिरा, आज तुजी लेकरां ह्या थांब्यार जमली हत, नारळ ठेवल्यानी हा, तो मानून घे."

"होय म्हाराजा," गाव म्हणालं.

"ही इल्मा एजाज खतीब, तुज्या गावचा लेकरू. हिका शिकाक सावंतवाडेक जावचा हा. सा-पन्नासची गाडी हिका आपल्या चाकान जावन धरूक मेळांदे. हिच्या वाटेत जो कोण आडवो येयत, गावचो आसांदे, सायेब आसांदे, तेका सांबाळून बाजूक कर."

"होय म्हाराजा."

"हौसाबायचो दगड चार हात उगवतीक सरकांदे, आनी तिचा गिराईक तिच्या पाटोपाट सरकांदे."

"होय म्हाराजा." हौसाबाईचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. ते शब्द तोंडातून गेल्यावर तिने डोळे उघडले, पण तोवर गाऱ्हाणं पुढे गेलं होतं.

"अरशदाची पयल्या नंबराची रिक्षा चिचेच्या पल्याड उबी रवांदे, थय तेका सावली मेळांदे."

"होय म्हाराजा," अरशदही म्हणाला. जन्मापासूनची सवय, गाऱ्हाण्यात आवाज थांबला की तोंड आपोआप उघडतं, डोक्याला विचारत नाही.

"मंगेशाचो फोटो उतरांदे, मंडळाचा काम तरण्या पोरांच्या हातात जावंदे, आनी मंगेशाक मोठेपण मेळांदे."

"होय म्हाराजा." मंगेशने तर हातही जोडले होते.

"आनी ह्या कंट्रोलराक सुबुद्दी दी. ह्या कामाफुडे ह्याच्या हातसून मिटिंगेचो कागद परत निघा नये."

"होय म्हाराजा!" ह्या वेळी मात्र गावाने जो आवाज लावला त्याने चिंचेवरचे कावळे उडाले. त्यात एक आवाज खुद्द धुरींचा होता.

नारळ फुटला आणि गावकरांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी होती की भक्ती, हे धुरींना आजही सांगता येत नाही. हौसाबाई काही क्षण दगडाकडे बघत राहिली, मग पदर खोचला आणि अरशदला म्हणाली, बघतोस काय, हात लाव. देवापुढे होय म्हटलेलं मागे घेणारा माणूस तेरवळात अजून व्हायचा आहे. तन्वीने बराच विचार करून वहीत लिहिलं, 'सर्वानुमते मंजूर.'

पावसाआधी ओटा झाला, उतार झाला, कठडा झाला. इल्मा पहिल्यांदा चढून गेली तेव्हा तिने वर पोचल्यावर खुर्ची वळवून सगळ्यांकडे बघितलं आणि धुरींना तिथल्या तिथे रडू आलं. त्यांनी सिमेंट डोळ्यांत गेलं असं सांगितलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण काम पुरं झालं की उद्घाटन येतं. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार, सात जुलै, सकाळी अकरा. संगमरवरी पाटी कोरायला गेली. तिच्यावर सगळ्यांत खाली 'स्थानिक समन्वयक : श्री. गंगाराम धुरी' असं येणार होतं आणि धुरींनी ते कच्च्या कागदावर पाच वेळा वाचलं होतं. सहा तारखेला संध्याकाळी कचेरीतून फोन आला. उद्घाटनाआधी ओटा वापरात आणू नये. लाभार्थी मुलीला साहेबांसमोर गाडीत चढवून दाखवायचं आहे, त्यासाठी अकरा वाजता खास गाडी लावू. धुरी म्हणाले, तिला साडेदहाच्या आत कॉलेजात पोचायचं आहे. पलीकडचा म्हणाला, कॉलेजचं बघून घेऊ, आणि व्यवस्था बिघडली तर पाटीचाही पुन्हा विचार करावा लागेल.

धुरी पडवीत बसून राहिले. कॉलेजचं कोण बघून घेणार होतं? खिडकीच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसाला ह्या वाक्याची किंमत ठाऊक होती. पण पाटीही डोळ्यांसमोरून हलेना. त्यांनी सुगंधाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"गाऱ्हाण्यात 'सायेब आसांदे' म्हटल्यानी, तेवा तुमी होय म्हटलात काय नाय?"

"म्हटलंय."

"मगे झाला तर," ती म्हणाली आणि तांदूळ पाखडायला लागली.

सात तारखेला सकाळी साडेसहाला धुरी ट्रंकेतला जुना गणवेश घालून थांब्यावर हजर. शर्टाची खालची दोन बटणं लागली नाहीत, ती त्यांनी पट्ट्याखाली दडवली. उताराच्या तोंडाशी लाल फीत बांधलेली होती. तिथे आधीच हौसाबाई होती, अरशद होता, बाबू गावकर होते. सगळे सहज आलो म्हणाले. मंगेशही होता, खुर्ची पुसायला फडकं घेऊन. एजाज त्या दिवशी बाजाराला गेलाच नव्हता आणि चिंचेच्या आड अशा बेताने उभा होता की आपण कुणाला दिसणार नाही. सगळ्यांना दिसत होता. इल्मा नव्या ओढणीत, मांडीवर कागदांची पिशवी.

धुरींनी फीत सोडली, घडी करून खिशात घातली. वळणावर गाडी दिसली तशी त्यांनी छाती भरून घेतली.

"तेरवळहून मळेवाडमार्गे सावंतवाडीला जाणारी सहा-पन्नासची गाडी थांब्यावर येत आहे. प्रवाशांनी ओट्यावर यावं."

प्रवासी एकच होता. भोंगा नसताना आवाज खाडीपर्यंत गेला. गाडी ओट्याला लागली, कंडक्टरने फळी टाकली. धुरी इल्माच्या मागोमाग चढू लागले तेव्हा ती दारातच थांबली.

"तुमी खालीच रवा, काकानु. तुमी वांगडा इलात तर मी एकटी गेलंय असा कोण म्हणतला?"

धुरी खाली राहिले. शिटी त्यांनीच मारली. सहा-एक्कावन्नला गाडी वळणापलीकडे गेली आणि त्यांनी खिशातली फीत काढून पुन्हा होती तशी बांधली, गाठसुद्धा तीच.

साहेब अकरा वाजता म्हणून बारा-वीसला आले. खास गाडी येऊन उभी होती, फोटोवाला उभा होता. साहेबांनी फीत कापली, आपल्या पायांनी ओट्यावर चढले, चहूकडे बघितलं आणि विचारलं, "लाभार्थी कुठे आहे?"

धुरी पुढे झाले. कचेरीतली मराठी त्यांना चांगली येत होती.

"लाभार्थी कॉलेजला गेली, साहेब. सहा-पन्नासच्या गाडीने. गाडी वेळेवर सुटली."

साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काळाठिक्कर पडला. फोनवरचा तोच असावा. साहेब काही बोलणार तोच बाबू गावकर शांतपणे म्हणाले की थांब्यावर गाऱ्हाणं घातलेलं होतं, सायबानु. साहेब कणकवलीकडचे. गाऱ्हाणं हा शब्द कानावर पडल्याबरोबर त्यांचे हात आपोआप जोडले गेले आणि मग त्या जोडलेल्या हातांनी रागावणं त्यांना जमेना. भाषण त्यांनी चार मिनिटांत आटोपलं. पाटी मात्र पंधरा दिवसांनी आली ती धुरींच्या नावाशिवाय आली. दोन दिवस धुरींनी थांब्याच्या बाजूला पाठ करून चहा घेतला.

पण त्या सात तारखेला संध्याकाळी, परतीची गाडी यायच्या पाऊण तास आधीच ते ओट्यावर उभे होते. फळी पडली, इल्मा उतरली. नाव कायम झालं होतं. तिने पर्समधून तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं. आयुष्यात लाखो तिकिटं पाहिलेल्या धुरींनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि शर्टाच्या वरच्या खिशात, इतके दिवस कॉलेजचं पत्र होतं तिथे ठेवलं. त्यांना एवढा आनंद झाला होता की त्यांनी गाडी किती मिनिटं उशिरा आली ते सांगितलं.

"काकानु," इल्मा उतारावरून खाली येता येता म्हणाली, "माज्या वर्गात आरोंद्याची एक पोरगी आसा. तिचो भाव कुबड्यांर चलता. तेंच्या थांब्यार ओटो नाय. मिटिंग घालशात?"

धुरींचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. चिंचेखाली बाबू गावकर बसले होते. ते त्या हाताकडे बघत होते. धुरींनी पेन काढलं आणि इल्मासमोर धरलं.

"गाऱ्हाणा माज्यार घातलेला हा, तुज्यार नाय," ते म्हणाले. "कागद तू काड."

इल्माने खुर्चीला ब्रेक लावला, वहीचं कोरं पान काढलं आणि आरोंद्याच्या त्या मैत्रिणीला फोन लावला. हितधारकांच्या यादीत पहिलं नाव तिने त्या पोरीच्या भावाचं लिहिलं. मग फोनवर हात ठेवून तिने बाबू गावकरांना विचारलं की आरोंद्यात गाऱ्हाणं कोण घालतो, आणि ते नाव दुसरं लिहिलं.